वास येतो का?

"भूक," पाळणा म्हणाला.

ऋजुताने बाळाला छातीशी धरलं. बाळाने तोंड उघडलं, मान इकडून तिकडे फिरवली, नाक आक्रसलं आणि असा काही टाहो फोडला की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

"भूक," पाळण्याने पुन्हा बजावलं. रडण्याच्या सुरावरून कारण ओळखणारा महागडा पाळणा होता तो. तिच्या नवऱ्याने, निनादने, पहिल्या बाळाच्या हौसेने आणलेला.

"कळलं रे बाबा! मला का बहिरी समजतोस?" ऋजुता पाळण्यावर खेकसली. तिचे डोळे भरून आले. दूध होतं, बाळ होतं, बाळाला भूकही होती. मग गाडं अडलं होतं कुठे?

तेवढ्यात वैजूआत्या आल्या. निनादच्या या आत्या उभी हयात एसटीत कंडक्टर होत्या. गाड्या स्वतःच चालायला आणि स्वतःच तिकिटं कापायला लागल्या, तेव्हा त्यांनी पंच आणि पाकीट महामंडळाला परत केलं. आवाज मात्र स्वतःजवळ ठेवला. लग्न केलं नव्हतं. ऋजुताला आईही नव्हती आणि सासूही नव्हती, म्हणून सातव्या महिन्यातच त्या ट्रंक घेऊन वाईला आल्या होत्या.

"परत फेकलास डोक्याचा फडका?" पलंगावर पडलेला फडका उचलत त्या करवादल्या. "बाळंतिणीचे कान झाकलेले असावेत. वारं शिरलं की जन्माची डोकेदुखी!"

"आत्या, फेब्रुवारीतच चाळीस डिग्री आहे. कसलं वारं नि कसलं काय!"

"ते वाऱ्याला सांग." आत्यांनी फडका सवयीने स्वतःच्या खांद्यावर टाकला, पूर्वी पाकिटाचा पट्टा टाकायच्या तसा, आणि बाळाला उचललं. "ये रे राजा. पुढे सरका, पुढे सरका…"

बाळाने त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं. एक उसासा टाकला. आणि गप्प झालं! मग आत्यांनी चांदीच्या बोंडल्याने, त्या चोचवाल्या वाटीने, ऋजुताचंच काढून ठेवलेलं दूध त्याला पाजलं, आणि ते पठ्ठ्याने मिटक्या मारत संपवलं.

आईचं दूध चालतं, पण आई चालत नाही. हा काय न्याय झाला? ऋजुता भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला आत्यांचा राग आला, मग राग आल्याची लाज वाटली, आणि बाळाचाही राग आला तेव्हा तर ती घाबरलीच.

आता ही ऋजुता काय करायची ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. ती 'अनुलेप' नावाच्या कंपनीत गंधतज्ज्ञ होती. तिचं नाक म्हणजे कंपनीची मिळकत. "आमची सून नाकाने कांदे सोलते, आणि त्याचा पगार घेते," असं आत्या सगळ्यांना सांगायच्या. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे ऋजुताला अजून उमगलं नव्हतं.

अनुलेपचं नवं मलम होतं 'श्यामा'. त्याचा जीव होता ब्लॅक करंटमध्ये. आपल्याकडे ब्लॅक करंट म्हटलं की लोकांना जांभळं आइस्क्रीम आठवतं, आणि ते मनुक्यांचं असतं की करवंदांचं यावर वाद घालतात. खरं तर ते थंड देशातलं एक झुडूप. त्याच्या फळाचा रंग त्वचेला उन्हापासून सांभाळतो, आणि त्याच्या कळ्यांचा अर्क अत्तरवाले सोन्याच्या भावाने घेतात. त्या अर्कात गंधकाचा एक रेणू असतो, भलताच नखरेल. अख्ख्या तळ्यात दोन थेंब पडले तरी माणसाच्या नाकाला कळावा इतका तिखट. आणि त्याची गंमत अशी, की अगदी थोडा असला तर रसाळ फळाचा घमघमाट येतो आणि जरा जास्त झाला की बोक्याने कोपऱ्यात केलेला पराक्रम! रेणू तोच, फरक फक्त तो किती याचा.

थंड देशातल्या उन्हाळ्यांनी ही झुडपं करपवली. तेव्हा अनुलेपने त्या झुडपाची कला जिवाणूंना शिकवली. माणसाच्या कातडीवर कोट्यवधी जिवाणू राहतात. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. हे भाडेकरू तो खातात, आणि त्यांच्या स्वयंपाकाचा जो दरवळ सुटतो त्याला आपण अंगाचा वास म्हणतो. श्यामातले जिवाणू एकदा अंगाला लावले की जुन्या भाडेकरूंना हुसकून स्वतः बिऱ्हाड थाटत. उन्हापासून राखणारा रंग तेच करत, सुवासही तेच देत, तोही वर्षभर. मलम पुन्हा लावायला नको. पथ्य एकच होतं, अंगाला तेल लावायचं नाही. खोबरेलातल्या एका आम्लाने हे नवे भाडेकरू पटापट मरत.

चाचणीला निवडलेल्या बायकांनी काही आठवडे श्यामा लावलं, तेव्हा सगळ्याजणींना फोन करून प्रश्न विचारायचं काम ऋजुताने स्वतःकडे घेतलं होतं. शेवटचा प्रश्न तिने स्वतःच्या साध्या मराठीत बसवला होता, "अंगाला वास येतो का?" झाडून सगळ्यांनी सांगितलं, "नाही." कुणी तर जरा फणकाऱ्यानेच. कंपनी खूश झाली. ऋजुताही खूश झाली, आणि पोटावर, छातीवर, हातापायांवर तिने स्वतःही श्यामा लावलं. कातडी ताणून खाजत होती, ती लोण्यासारखी झाली.

म्हणूनच आत्यांनी बाळंतिणीचं तेल कोमट करून आणलं तेव्हा घरात महाभारत झालं.

"बाळंतिणीला तेल नको? मग हाडं काय ग्रीस लावून चालवणार आहेस?"

"आत्या, या मलमाला तेल चालत नाही."

"मग मलम सोड!"

शेवटी तह झाला. अंगाला तेल नाही, पण डोकं आत्यांच्या ताब्यात. त्या रोज टाळूवर खोबरेल थापत, वर जुन्या मऊ साडीचा फडका करकचून बांधत. आत्या वळल्या की ऋजुता तो ओढून फेके. मग आत्या पुटपुटत उचलत, खांद्यावर टाकत, पुढे बाळाला घेत. असा हा रोजचा खेळ चालला होता.

आणि बाळ काही केल्या आईकडे येईना.

बालरोगतज्ज्ञ बाईंनी बाळाला उलटसुलट तपासलं. जीभ, टाळू, कान, सगळं उत्तम होतं. "आई-बाळाची ओळख व्हायला कधी वेळ लागतो," त्या म्हणाल्या. मग जरा गंभीर झाल्या. "पण बाळ ओढत नसेल तर दूध हळूहळू आटतं. पंपाने फार दिवस भागत नाही. लवकर जमवा हं."

दूध आटतच होतं. पंपाची बाटली रोज थोडी कमी भरत होती. दूध गेलं तर आपल्या आणि बाळाच्या मध्ये उरलं काय? बोंडलं काय, बाटली काय, ती कुणीही धरेल.

आत्यांचं निदान वेगळंच होतं. आधी म्हणाल्या, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, घरभर मिरच्यांचा ठसका उठला, बाळ आणखीच रडलं. मग त्यांनी पाळण्यावर संशय घेतला. "सारखं भूक-भूक म्हणून अभद्र बोलतो मेला!" त्याचं बटण बंद केलं. मग शिक्का बसला गरोदरपणी खाल्लेल्या ब्लॅक करंट आइस्क्रीमवर. "करंट, करंट म्हणे! नावातच करंटेपणा आहे. आईला शॉक बसला तर पोर कसं टिकेल जवळ?"

ऋजुताला हसू आलं आणि हसता हसता ती थबकली. करंट. श्यामा. छे, पण ते कसं शक्य आहे? तिने मनगट नाकाशी नेलं. काहीच कळेना. आपल्या घराचा वास आपल्याला कधी येतो का? नाक सवयीने बधिर होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! म्हणून तिने दुसऱ्यांना विचारलं.

"निनाद, खरं सांग. माझ्या अंगाला वास येतो का?"

निनाद भाजी निवडत होता. बाळंतीण बायको असा प्रश्न विचारते तेव्हा शहाणा नवरा काय म्हणतो? "छे गं! अजिबात नाही."

"नक्की?"

"देवाशपथ नाही."

आत्यांनाही विचारलं. "वास? तुला? तू काय जत्रेच्या एसटीतली गर्दी आहेस का? काही वास-बीस येत नाही. रोज दोनदा आंघोळ करतेस."

म्हणजे श्यामा निर्दोष. मग दोष उरला कुणात? ऋजुताच्या डोक्याचा नुसता भुगा झाला. आपणच कुठेतरी कमी आहोत, बाळाला ते कळलंय आणि बाकीच्यांना कळायचं आहे, असं तिला वाटायला लागलं. ती पाळण्याजवळ जायलाच बिचकू लागली.

अशातच हर्डीकरसरांचा फोन आला. हर्डीकर अनुलेपचे मालक, माणूस गोड आणि चिकट, गुळाच्या ढेपेसारखा. "ऋजुता, श्यामा बाजारात आणतोय. जाहिरातीत खरी आई हवी. जिने बनवलं, जिने लावलं, तिच्याच कुशीत बाळ! तुझ्याहून चांगली कोण मिळणार? घरीच येतो सगळे. दहा मिनिटांचं काम."

नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. माझं बाळ माझ्याकडे येत नाही, हे मालकाला कोणत्या तोंडाने सांगायचं? ती हो म्हणाली.

दुपारी मंडळी आली. दिवे लागले. फडका केव्हाच पलंगावर भिरकावून ऋजुताने केस मोकळे सोडले होते. आत्याही नटल्या होत्या. कॅमेरा घरात येणार म्हणून ट्रंकेतली इस्त्रीची पैठणी बाहेर निघाली होती, खांद्यावर पदर पिनेने बसवला होता.

ऋजुताने बाळाला घेतलं. बाळाने नाक आक्रसलं. आणि मग जे व्हायचं तेच झालं, फक्त या वेळी दिव्यांच्या उजेडात आणि सहा परक्या माणसांसमोर.

"जरा आजींकडे द्या," कॅमेरावाली पोरगी म्हणाली. "लहान बाळं आजींकडे शांत होतात."

"आण इकडे," आत्या पुढे झाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता. का नसावा? त्यांनी बाळाला पैठणीच्या खांद्यावर घेतलं. "पुढे सरका, पुढे सरका…"

बाळ किंचाळलं! आत्यांच्या खांद्यावर! डोकं इकडून तिकडे घासलं, काहीतरी शोधलं, सापडलं नाही, आणि ते निळंजांभळं होईस्तोवर रडलं. आत्या गोंधळल्या. ऋजुता त्यांच्याहून गोंधळली. हर्डीकर घड्याळाकडे बघायला लागले.

"अगं, माझ्याकडे कधी नाही रडला तो," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "काय झालं याला? मी काय केलं?"

शेवटी त्यांनी बाळाला पलंगावर ठेवलं. आणि बाळाने रडता रडता मान वळवली. एका बाजूला. तोंड उघडून, ओठ पुढे काढून, आंधळ्या पिल्लासारखं ते गालाने सरकू पाहत होतं. तिकडे कुणीच नव्हतं. तिकडे फक्त पडला होता तो तेलकट, चुरगळलेला फडका.

ऋजुताने फडका जवळ सरकवला. बाळाने त्यात नाक खुपसलं. एक उसासा टाकला. आणि गप्प झालं!

ऋजुताने फडक्याचं टोक नाकाशी धरलं. खोबरेल होतं, घाम होता, आणि त्याखाली आणखी काहीतरी होतं. उबदार, थोडंसं आंबूस, ओळखीचं. हजारो वास नावानिशी ओळखणाऱ्या तिच्या नाकाला या वासाचं नाव काही सापडेना.

"निनाद, हा कुणाचा वास आहे?"

निनादने हुंगलं. तो हसला. "कुणाचा काय? तुझा. तुझा पूर्वीचा."

"पूर्वीचा म्हणजे?"

"म्हणजे… आता नाही येत तुझा वास. आता नुसता सुवास येतो, फळांचा. छान आहे गं तो. पण बरेच दिवस झाले, कूस बदलली की वाटतं, शेजारी कुणी पाहुणी झोपलीय. मला वाटलं, बाळंतपणात होत असेल असं."

"आणि अगदी जवळ आलं," आत्या हळूच म्हणाल्या, "पार छातीशी, की थोडा… मांजराचा."

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीत? वास येतो का म्हणून विचारलं ना मी तुम्हाला!"

"अगं, वास म्हटलंस ना तू!" आत्या उसळल्या. "वास मोज्यांना येतो, मेलेल्या उंदराला येतो! लेकुरवाळ्या बाईला तोंडावर कोण म्हणेल वास येतो म्हणून?"

ऋजुता मटकन पलंगावर बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! प्रश्नच तिने असा विचारला होता की मराठी घरात जन्मलेलं कुणीही 'नाही'च म्हणेल. चाचणीतल्या त्या सगळ्या बायकांनी मान राखला होता, स्वतःचा आणि तिचा. आणि गंमत म्हणजे उत्तर खोटंही नव्हतं. वास येतो का? नाही. येतच नव्हता. तिचा वास या घरातून नाहीसा झाला होता.

एकदा ते कळल्यावर बाकीचं सरळ होतं. नवजात बाळाला वीतभरापलीकडचं धड दिसत नाही. ते आईला नाकाने शोधतं. प्रत्येक बाईच्या घामाची घडण निराळी, आणि पोटातल्या ज्या पाण्यात बाळ वाढतं त्यालाही तिचाच गंध असतो. तो गंध धरून ते छातीशी पोचतं. इथे छातीशी पोचायचं तर वाटच पुसलेली, आणि वाटेवर बोका बसलेला. हातभर अंतरावरचं फळ बोटभर अंतरावर काय होतं, ते ऋजुताने कंपनीतल्या नव्या मुलांना किती वेळा समजावून सांगितलं होतं! फक्त टाळूवर, आत्यांच्या खोबरेलाखाली, तिचे जुने भाडेकरू तग धरून राहिले होते. ते फडक्यात उतरत होते. आणि फडका रोज आत्यांच्या खांद्यावर जात होता.

"आत्या," ती म्हणाली, "बाळ तुमच्याकडे येत नव्हतं. माझ्याकडेच येत होतं. रोज."

बोलता बोलता तिला रडू फुटलं, आनंदाचं. तो तिला विसरला नव्हता. तिचं तान्हं बाळ सारा वेळ तिलाच शोधत होतं.

हर्डीकरांनी घसा खाकरला. "फडका कुशीत ठेवून एक शॉट घेऊया का? कॅमेऱ्यात कळणार नाही."

"सर, श्यामा बाजारात जाणार नाही," ऋजुता म्हणाली. "आधी त्या सगळ्या बायकांना मी पुन्हा फोन करणार. किती जणींची बाळं तान्ही आहेत ते विचारणार. आणि या वेळी प्रश्न नीट विचारणार."

"अगं, पण सगळ्यांनी नाही म्हटलंय…"

"तेच तर!"

हर्डीकरांना काही कळलं नाही. दिवे, तारा, मंडळी, सगळं गुंडाळून ते गेले. नोकरीचं पुढे काय होणार, हा विचार ऋजुताच्या मनात आला, आणि तिने तो उद्यावर ढकलला. तिने अंगातला गाऊन सैल केला आणि हाक मारली, "आत्या, तेल कोमट करा. सगळ्या अंगाला."

आत्यांनी तेल चोळलं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, रोज. पण नेहमीची बडबड नव्हती. पाठ रगडताना एकदा त्या म्हणाल्या, "म्हणजे मी नुसती खुंटी होते म्हण की. फडका टांगायची."

ऋजुताने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. या बाईने जन्मभर हजारो माणसं जागेवर पोचवली, आणि म्हातारपणी एक जीव आपल्या गाडीत खास आपल्यासाठी चढलाय असं तिला वाटलं होतं.

करंटाचे भाडेकरू हळूहळू मरत गेले. टाळूवरचे जुने मानेवर उतरले, खांद्यावर आले. फडका अंगावर फिरवून ऋजुताने त्यांना वाट दाखवली. रोज ती बाळाला जवळ घ्यायची. रोज ते नाक आक्रसायचं, पण थोडं कमी. पंपाची बाटली आता तळाशीच भरत होती.

मग एका सकाळी, आंघोळीआधीच, ऋजुता घामेजलेली, तेलकट, विस्कटलेली बसली होती. बाळाने मान फिरवली. थांबलं. नाक नाही आक्रसलं. तोंड उघडलं, आणि कुणी हात धरून न्यावं तसं थेट पोचलं. ओढ इतकी जोराची होती की ऋजुता कळवळली. तिने ओठ दाबून धरला, हललीसुद्धा नाही. दाराशी निनाद चहाचा कप तसाच धरून उभा राहिला.

"आत्या," बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "वास येतो का हो माझ्या अंगाला?"

आत्या जवळ आल्या. नीट वाकून हुंगलं. "येतो," त्या म्हणाल्या. "चांगला येतो. खोबरेल, घाम, दूध, सगळ्याचा येतो." आणि डोळे पुसले.

पोट भरलं तसं बाळ सुस्तावलं. आता त्याला खांद्यावर घेऊन ढेकर काढायला हवा होता. ऋजुताने ते आत्यांकडे दिलं. आत्या क्षणभर मागेच सरल्या. त्यांचा खांदा मोकळा होता. मग त्यांनी पलंगावरून फडका उचलला, झटकला आणि खांद्यावर टाकला.

"आता कशाला तो, आत्या? पोट भरलंय त्याचं. आता राहील तुमच्याकडे."

"त्याच्यासाठी नाही गं," आत्या म्हणाल्या. "मलाच सवय झालीय तुझ्या वासाची."